लिअँडर कूम्ब्सच्या खोळीतलं काडतूस

लिअँडर कूम्ब्स चालत आला, तेव्हाच फिलोमिना किओनं ओळखलं की काहीतरी मोठं बिनसलंय. हा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात मीठ आणायलाही आपल्या चार जाड चाकांच्या लाल क्वाडवर बसून जात असे. कॉपर टिकल गावात त्याला पायी चाललेला पाहिलेली माणसं थोडीच होती.

मंगळवारची सकाळ होती. फिलोमिनाचा दीर फॉन्स चुलीपाशी बसून टाउटनवर, म्हणजे कणकेच्या तळलेल्या चकत्यांवर, काकवी ओतत होता. त्यानं न विचारताच तिसरी बशी काढली.

"खायला आलो नाही," लिअँडर म्हणाला आणि खुर्चीत बसला. मग त्यानं दोन टाउटन खाल्ले. काकवी संपल्यावर त्याला रडू आलं.

फिलोमिना एकतीस वर्षं जिल्ह्याच्या कोर्टात कारकून होती. निवृत्तीनंतर तिनं खासगी तपासाचा रीतसर परवाना घेतला होता. आखातातल्या गावांतून हरवलेल्या होड्या, बदललेली मृत्युपत्रं आणि चोरलेल्या कोंबड्या तिच्या स्वयंपाकघरात येत. रडणाऱ्या माणसाला ती कधी गप्प करत नसे. तिनं वही उघडली आणि वाट पाहिली.

लिअँडरनं जे सांगितलं ते असं.

तीस वर्षं तो गावाच्या हॉलमध्ये शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग घेत होता. गावात मूसवर, त्या घोड्याएवढ्या रानहरणावर, बंदूक रोखणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच्या हाताखालून गेलेला. त्याचा पहिला धडा कायम एकच असे: क्वाडवर बंदूक चढवायची ती रिकामी आणि खोळीत, जंगलात उतरल्याशिवाय तिच्यात काडतूस जाता कामा नये. क्वाड खड्ड्यात आपटते, कलंडते, पुढच्याच्या पाठीशी नळी येते. कायदाही तेच सांगतो, पण लिअँडर म्हणे, कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आणि शनिवारी सकाळी, जुन्या रेल्वेच्या वाटेवरल्या लोखंडी पुलापाशी, वन्यजीव अधिकारी मेल्विन नोझवर्दीनं त्याची क्वाड थांबवली, खोळ उघडली, बोल्ट मागे ओढला, आणि चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीतून, एक जिवंत काडतूस टणकन् पुलावर पडलं.

"माझ्या बंदुकीतून," लिअँडर म्हणाला. "आणि मेल्विन कोण? माझाच विद्यार्थी. माझ्यापेक्षा त्याचाच चेहरा जास्त उतरला होता."

मेल्विननं बंदूक खोळीसकट ताब्यात घेतली होती. शुक्रवारी कागद कोर्टात जाणार होते. परवाना गेला असता, यंदाचं मूसचं मांस गेलं असतं. पण लिअँडर त्यासाठी रडत नव्हता. पुढच्या सोमवारी नवा वर्ग सुरू व्हायचा होता. चौदा नावं आली होती. कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर उभा राहू, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

"घरातून निघताना काय काय केलंस? एकही गोष्ट गाळू नको," फिलोमिना म्हणाली.

त्यानं नेहमीचंच केलं होतं. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बोल्ट उघडला, चेंबरमध्ये डोळ्यानं पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं. रिकामी. बोल्ट बंद करून चापाला कुलूप घातलं. कायद्याला खोळ पुरे, कुलूप ही त्याची स्वतःची जादा शिस्त. किल्ली गळ्यात. दुसरी किल्ली पाच वर्षांपूर्वी होडीतून पाण्यात पडली, ती आता कॉड माशांकडे होती.

त्यानंतर तो हॉलमध्ये गेला. मोसमातल्या पहिल्या शनिवारी बायका तिथे सगळ्या शिकाऱ्यांना न्याहारी देतात. क्वाड बाहेर उभी असताना तिच्यावर बंदूक ठेवायची नाही, हा लिअँडरनंच घालून दिलेला नियम. म्हणून सगळ्यांच्या खोळी आतल्या खोलीत कुलपात राहतात. ड्रुसिलामावशी त्यांच्यावर नंबराची चिठ्ठी टाचते आणि जाताना ज्याची त्याला देते. न्याहारीनंतर लिअँडर आपली खोळ घेऊन क्लाइड पेनीबरोबर निघाला. वाटेत चहासाठी थांबले, आणि मग पूल.

"खोळ कसली आहे?"

"जाड शिडाचं कापड. ड्रुसिलानं शिवलेली. दोन शिवल्या होत्या तिनं, एक मला आणि एक तिच्या भावाला." इथे लिअँडरचा आवाज कोरडा झाला. "ऑब्रीला. बंदुकाही आम्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या, सारख्याच. तेव्हा बोलत होतो आम्ही."

अकरा वर्षांपूर्वी पत्त्यांच्या डावात ऑब्री ड्वायर भर हॉलमध्ये म्हणाला होता की लिअँडरनं हुकूम लपवला. त्यानंतर दोघे एकाच चर्चमध्ये जात, एकाच धक्क्यावर होड्या बांधत, आणि एकमेकांना ओळखही दाखवत नसत.

"पुलावर काडतूस पडल्यावर बंदूक नीट पाहिलीस?"

"काडतूस पडल्यावर मला दुसरं काही दिसलंच नाही," लिअँडर म्हणाला.

तो गेल्यावर फॉन्सनं निकाल देऊन टाकला. "क्लाइडचं काम आहे, वहिनी. चार वर्षं तो त्या वर्गावर डोळा ठेवून आहे. चहाला थांबले तिथेच त्यानं डाव साधला."

"तू शनिवारी कुठे होतास?"

"मी? ओढ्यापलीकडे. तितर शोधत होतो. मिळालं काहीच नाही, पण गंमत बघितली." फॉन्स हसायला लागला. "पलीकडच्या काठावर ऑब्री आला. समोर पंचवीस पावलांवर मूस, हा एवढा शिंगांचा. ऑब्री उतरला, खोळ उघडली, बराच वेळ खाली वाकून राहिला, आणि परत खोळ बंद करून टाकली. मूसनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मूसकडे पाहिलं, आणि मूस निघून गेला. गावातला पहिल्या नंबरचा नेमबाज! म्हातारपणी मन द्रवलं असेल."

फिलोमिनानं त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की त्यानं हनुवटीवरची काकवी पुसली.

"गाडी काढ," ती म्हणाली.

मेल्विन नोझवर्दीला त्यांना पाहून बरंच वाटलं. शनिवारपासून बायको त्याच्याशी नीट बोलत नव्हती. तीही लिअँडरकाकांचीच विद्यार्थिनी. कागद दाखवायला त्याची हरकत नव्हती, लिअँडरलाही त्याची प्रत मिळणारच होती. बंदूक मात्र सीलबंद होती, ती कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडता येणार नव्हती.

फिलोमिनानं मेल्विनच्या अक्षरातली टाचणं दोनदा वाचली. शिडाच्या कापडाची खोळ. चेंबरमध्ये एक जिवंत काडतूस. मॅगझिन, म्हणजे जादा काडतुसांची डबी, रिकामं. कुलूप नाही.

"मॅगझिन रिकामं होतं, हे कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. ते नंतर ऑफिसात तपासलं. इथे लिहिलं, तेवढंच."

"आणि कुलूप नव्हतं हे नक्की?"

"मावशी, नसलेली वस्तू मी नाही असंच लिहिणार ना?" मेल्विन म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, काका आता म्हातारे झाले, विसरले असतील का.

क्लाइड पेनी आपल्या अंगणात क्वाडच्या चाकातला चिखल खरवडत होता. फॉन्स त्याच्याकडे असा रोखून पाहत होता की त्यानं आपणहून सगळं सांगायला सुरुवात केली. हो, वर्ग त्याला हवा होता. लिअँडरकाका एकेक धडा तीन-तीनदा शिकवतात, तो दोनदाच शिकवेल. हो, चहाच्या वेळी काका झऱ्यावर पाणी आणायला गेले तेव्हा पाच मिनिटं तो क्वाडपाशी एकटा होता. पण तो खोळीला शिवलाही नव्हता. वर्ग हवा होता, पण काकांची अशी शोभा करून नको होता.

"पुलावरून परत येताना कोणी भेटलं?"

"ऑब्रीकाका. ते समोरून घाईत येत होते. मी सांगितलं, लिअँडरकाकांच्या बंदुकीत गोळी सापडली, मेल्विननं बंदूक नेली. एवढंच. त्यांचा चेहरा पांढरा पडला. काही न बोलता क्वाड वळवून घरी गेले." क्लाइडनं खांदे उडवले. "भांडण असलं तरी वाईट वाटतंच माणसाला."

बुधवारी फिलोमिना ड्वायरांच्या घरी गेली. भाऊबहीण दोघंच राहत. ड्रुसिलामावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, शिडं शिवणाऱ्याची मुलगी. गावातल्या प्रत्येक घरात तिच्या हातचं काहीतरी शिवलेलं होतंच. तिनं मोलॅसिसचा पाव कापला, रानबेरीचा मुरांबा पुढे ठेवला आणि हवेवर बोलायला लागली. फिलोमिनानं हवा संपू दिली.

शनिवारी खोलीची किल्ली तिच्याकडेच होती, दुसरं कोणी आत गेलं नाही, असं तिनं सांगितलं.

"गर्दीत खोळींची अदलाबदल झाली असेल का, मावशी? दोन तर अगदी सारख्या आहेत. सत्तर-ऐंशी खोळी, कमी उजेड."

म्हातारीला तो अपमान वाटला. "माझ्याकडून? माझा टाका मी आंधळी झाले तरी बोटांनी ओळखेन. ऑब्रीच्या तळाला दुहेरी शिवण आहे, लिअँडरच्या एकेरी. उभ्या आयुष्यात कोणाला दुसऱ्याची वस्तू चुकून दिली नाही मी."

"मला तेच वाटलं होतं," फिलोमिना म्हणाली. फॉन्सनं तिसरा तुकडा घेतला.

ऑब्री मागच्या पडवीत लाकडं फोडत होता. मोठा, रुंद माणूस, पण चार दिवसांत गळ्यापाशी कातडी सैल झाल्यासारखा दिसत होता. लिअँडरचं नाव काढताच त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

"तो मुद्दाम करणार नाही," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. अकरा वर्षांत लिअँडरबद्दल तो पहिल्यांदाच काही बोलत होता. "मेल्विनला सांग. मॅगझिन तर रिकामंच होतं. एक गोळी राहून गेली. कोणाचीही राहते. थंडीत बोटं चालत नाहीत."

"आणि तो मूस का सोडलास, ऑब्री?"

"देखणा होता," ऑब्री म्हणाला, आणि पुन्हा लाकडांकडे वळला.

परतताना फॉन्स गप्प होता, म्हणजे विचार करत होता. घर आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, म्हणजे क्लाइड नाही?"

"उद्या सगळ्यांना जेवायला बोलाव. मेल्विनलाही. वाटाण्याचं सूप कर, खारं मांस जास्त घाल. रिकाम्या पोटी माणसं खोटं जास्त बोलतात."

गुरुवारी दुपारी फिलोमिनाच्या स्वयंपाकघरात सात माणसं दाटीवाटीनं बसली. लिअँडर एका टोकाला, ऑब्री दुसऱ्या टोकाला. फिलोमिनानं ऑब्रीला निरोप धाडला होता: बंदूक खोळीसकट घेऊन ये, रिकामी असेल याची मला खात्री आहे. तो आला होता, आणि खोळ भिंतीला टेकून उभी होती. सूप संपेपर्यंत तिनं कोणाला काही विचारलं नाही. मग वाट्या बाजूला सारल्या.

"लिअँडर म्हणतो, मी कुलूप घातलं. मेल्विन म्हणतो, कुलूप नव्हतं. दोघंही खरं बोलणारे. तेव्हा मी आधी एवढंच विचारलं, कुलूप गेलं कुठे?"

"काढलं कोणीतरी," फॉन्स म्हणाला.

"किल्ली एकच, आणि ती लिअँडरच्या गळ्यात. बरं, धरून चालू की कोणी उघडलं. कशासाठी? कुलूप चापाला असतं. त्यामुळे गोळी सुटत नाही, पण बोल्ट उघडून काडतूस आत ठेवायला त्याची आडकाठी नाही. ज्याला लिअँडरला अडकवायचं होतं, त्याला कुलपाला हात लावायचं कारणच नव्हतं. तिथेच क्लाइड सुटला."

क्लाइडनं मोठा श्वास सोडला. फॉन्सनं त्याच्याकडे पावाची टोपली सरकवली.

"म्हणजे कुलूप कोणी काढलं नाही. पुलावर उघडली त्या बंदुकीला ते कधी नव्हतंच. ती लिअँडरची बंदूक नव्हती. आणि तशीच दुसरी बंदूक, तशाच दुसऱ्या खोळीत, गावात एकाकडेच आहे."

कोणी ऑब्रीकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

"मग फॉन्सनं पाहिलेली गंमत मला गंमत वाटेना. पंचवीस पावलांवर मूस, गावातला पहिला नेमबाज, खोळ उघडतो, वाकून राहतो, आणि बंद करतो. मन द्रवलेला माणूस खोळ उघडण्याआधी द्रवतो, फॉन्स. ऑब्री वाकला होता तो एका कुलपावर. त्याच्या हातात अशी बंदूक होती जी त्याला झाडताच येत नव्हती."

"मॅगझिनचं काय?" मेल्विन हळूच म्हणाला.

"तेच. मॅगझिन रिकामं होतं हे तू कोणाला सांगितलं नाहीस. क्लाइडनं त्याला फक्त गोळी सापडली म्हणून सांगितलं. पण काल पडवीत ऑब्री मला म्हणाला, मॅगझिन तर रिकामंच होतं. हे फक्त त्यालाच ठाऊक असणार, ज्यानं ते स्वतःच्या हातानं रिकामं केलं."

तिनं लिअँडरपुढे हात केला. त्यानं गळ्यातली किल्ली काढून दिली. फिलोमिनानं ती मेल्विनला दिली. मेल्विननं भिंतीपाशी जाऊन खोळ उघडली, नळी जमिनीकडे ठेवून बोल्ट मागे घेतला, आत पाहिलं, चाचपलं. रिकामी. चापाला कुलूप होतं. किल्ली आत गेली आणि फिरली.

ऑब्रीनं लिअँडरकडेच पाहून सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी तो एकटाच गेला होता. उजेड जाताना एक मूस दिसला, त्यानं काडतूस चेंबरमध्ये चढवलं, मूस झाडीत शिरला. बोटं गारठलेली. त्यानं मॅगझिन काढून रिकामं केलं आणि वाटलं, झालं. शनिवारी कुलूप पाहताच आपल्या हाती लिअँडरची बंदूक आहे हे त्याला कळलं. ती परत द्यायला तो निघालाच होता, तेवढ्यात वाटेत क्लाइड भेटला.

"क्लाइडनं सांगितलं तेव्हाच कळलं की ती गोळी माझी," ऑब्री म्हणाला. "मला वाटलं, आज नको, उद्या सांगू. रोज उद्या सांगू असंच वाटत राहिलं. मी भित्रा निघालो, लिअँडर."

फॉन्स गोंधळला होता. "पण वहिनी, खोळी बदलल्या कशा?"

"ते मावशींनाच विचार. ज्या हातांना अंधारात टाका ओळखता येतो, ते हात चुकत नाहीत."

ड्रुसिलामावशी ताठ बसली. "नाही चुकले. मुद्दाम दिल्या." तिनं भावाकडे बोट दाखवलं. "अकरा वर्षं मी या एका माणसाबरोबर जेवते आहे. पूर्वी घरात चार माणसं पत्ते खेळायची, गाणी व्हायची. मला वाटलं, जंगलात खोळी उघडतील, आपली नाही म्हणतील, एकमेकांकडे जावंच लागेल. दोन शब्द बोलावेच लागतील. दोघांच्या बंदुका रिकाम्या असणार, हे मी धरूनच चालले होते."

"मावशी," फिलोमिना म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात मऊपणा नव्हता, "ती क्वाड खड्ड्यात आपटली असती तर? पुढे क्लाइड होता. बंदूक रिकामी आहे हे धरून चालायचं नसतं."

म्हातारीनं मान खाली घातली. क्लाइडनं नकळत आपल्या पाठीवरून हात फिरवला.

"सांगायला हवं होतं मी," ती म्हणाली. "पण सांगितलं असतं तर ऑब्री अडकला असता. न सांगता लिअँडर अडकत होता. चार दिवस मी सुईत दोरा ओवू शकले नाही."

मग लिअँडर उठला. खुर्ची इतक्या जोरात मागे सरकली की फॉन्सला वाटलं आता मारामारी होणार, आणि त्यानं सुपाचं भांडं सुरक्षित जागी नेलं. लिअँडर टेबलाला वळसा घालून ऑब्रीपाशी गेला.

"मूस केवढा होता?" त्यानं विचारलं.

ऑब्रीला आधी कळलंच नाही. मग त्यानं दोन्ही हात पसरले, आणि ते कमी पडले म्हणून उभा राहून पुन्हा पसरले.

"आणि माझ्या कुलपापायी गेला?"

"गेला. जाताना वळून हसलासुद्धा, मेला."

आधी लिअँडर हसला. तो हसतो तेव्हा त्याला खोकला येतो. तो आला, आणि ऑब्री त्याच्या पाठीवर थोपटायला लागला. ड्रुसिलामावशी पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावून बसली. मेल्विननं वही काढून म्हटलं की कागद आता सगळा नव्यानं लिहावा लागेल, आणि अजून सूप आहे का.

शुक्रवारी निकाल लागला. लिअँडरवरचा आरोप मागे घेतला गेला, बंदूक ज्याची त्याची ठरली. ऑब्रीनं स्वतः जाऊन जबाब दिला; त्याला दंड झाला आणि दोन मोसम शिकार बंद. ड्रुसिलामावशीला लेखी ताकीद मिळाली, आणि हॉलमधल्या त्या खोलीची किल्ली क्लाइडकडे गेली. त्यानं ती अशा थाटात कमरेला लावली की फॉन्स त्याला भेटला की सलाम ठोकायला लागला. शनिवारी लिअँडर जंगलात गेला तेव्हा मागच्या क्वाडवर ऑब्री होता, बिनबंदुकीचा, मांस वाहून आणायला. त्या दिवशी मिळाला तो तोच मूस होता असं दोघंही शपथेवर सांगतात.

सोमवारी वर्ग भरला. चौदा जण आले होते, आणि भिंतीच्या कडेला फिलोमिना व फॉन्स. लिअँडरनं नेहमीप्रमाणे सुरुवात केली नाही. त्यानं ऑब्रीला पुढे बोलावलं.

एकाहत्तर वर्षांचा तो दांडगा माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्यानं शुक्रवारची संध्याकाळ सांगितली, गारठलेली बोटं सांगितली, झालं असं वाटलं तो क्षण सांगितला. मग ते चार दिवस सांगितले. त्यानं काही लपवलं नाही. चाळीस वर्षांत माझा नेम चुकला नाही, तो म्हणाला, पण त्या शनिवारी माझ्या हातून माणूस मेला असता, नेम न धरता.

लिअँडर ऑब्रीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"ही गोष्ट माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यात नव्हती," लिअँडर शेवटी म्हणाला. "दर वर्षी लागेल मला. येशील?"

ऑब्रीनं टोपी डोक्यावर चढवली.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.